फवारणी आणि शुक्राणूंतील प्रथिने

सांगलीकडील द्राक्षबागा असोत की साताऱ्याकडील भाजीचे मळे, कीटकनाशकाचे तुषार फवारणाऱ्याच्या कातडीतून व श्वासावाटे शरीरात शिरू शकतात. तेथे ते काय करतात?

शुक्राणूच्या इवल्याशा डोक्यात सुमारे १ मीटर लांबीचा डीएनए सामावलेला असतो. डीएनए ऋणभारित, तर प्रोटामीन नावाची प्रथिने धनभारित. विरुद्ध भारांच्या आकर्षणामुळे ही जुडी घट्ट बसते. डायाझिनॉन या कीटकनाशकामुळे प्रोटामीनवर फॉस्फेटचे गट चढतात आणि ही बांधणी बिघडते, असे २००५ साली प्रसिद्ध झालेल्या उंदरांवरील प्रयोगांत आढळले.

माणसाचा शुक्राणू घडण्यास सुमारे अडीच महिने लागतात. फवारणीचा हंगामही तितकाच लांबू शकतो. म्हणून हातमोजे, मुखपट्टी आणि लांब बाह्यांचा सदरा ही चैन नव्हे. पुढच्या पिढीचीही ती राखण आहे.