रात्रपाळीचं आभाळ : जुहूला उतरलेलं जपानी विमान

या आठवड्यात पायलटच्या ड्युटीचे आणि विश्रांतीचे नवे नियम सांगणार होतो. ते राहू द्या. कुंभार पिंपळगावच्या एका वाचकानं असा प्रश्न टाकलाय की नियम आठवडाभर थांबले तरी चालतील. ते हंगामात रात्री उसाचा ट्रॅक्टर चालवतात. त्यांचं म्हणणं : "सर, पहाटे आमचा डोळा लागला की फाटा चुकतो. पण विमानात एवढी यंत्रं, खाली कंट्रोल टॉवर, शेजारी दुसरा पायलट. मग तो गाव कसा चुकेल?"

चुकतो. आणि डोळे सताड उघडे ठेवून चुकतो.

24 सप्टेंबर 1972 ची सकाळ. लंडनहून टोकियोला निघालेलं जपान एअरलाइन्सचं डीसी-8 मुंबईला उतरायला आलं. जायचं होतं सांताक्रूझला, उतरलं जुहूला. जुहूची धावपट्टी सव्वा किलोमीटरसुद्धा भरत नाही. चार इंजिनांचं ते धूड तिथे थांबणार कुठे? पट्टी संपली तरी ते पुढे गेलं. माणसं वाचली, विमान मात्र कायमचं भंगारात निघालं. आणि हे पहिल्यांदा घडत नव्हतं. 1953 च्या जुलैत बीओएसी या ब्रिटिश कंपनीचं कॉमेट, म्हणजे त्या काळातलं सगळ्यात नवलाचं जेट, असंच जुहूला उतरलं होतं. ते तिथून पुन्हा उडायला नऊएक दिवस लागले.

नकाशा समोर धरा, म्हणजे कोडं सुटेल. दोन्ही विमानतळांमध्ये जेमतेम दोन-तीन किलोमीटर. दोन्हीकडे पूर्व-पश्चिम पट्टी. धावपट्टीला तिच्या दिशेवरून आकडा देतात : सांताक्रूझची 09, म्हणजे होकायंत्रावर सुमारे 90 अंश, जुहूची 08, म्हणजे 80 च्या आसपास. फरक दहा अंशांचा. समुद्रावरून पूर्वेकडे तोंड करून येणाऱ्या विमानाला आधी लागतं जुहू. समोर सकाळचा सूर्य, हवा धुरकट, आणि 'आता पट्टी दिसेल' अशी मनाची तयारी झालेली. त्यात पट्टी दिसते! मग दुसरी शोधतो कोण?

हे खूळ एकट्या मुंबईचं नाही. 1960 मध्ये पॅन अ‍ॅमचं बोइंग 707 लंडनच्या हीथ्रोऐवजी शेजारच्या नॉर्थोल्ट या लष्करी विमानतळावर उतरलं. दोन्हीकडच्या वाटांवर गॅसच्या अवाढव्य टाक्या होत्या, आणि पायलट त्याच खुणेवर विसंबत. शेवटी इंग्रजांनी टाक्यांवरच भलीमोठी अक्षरं रंगवली : एकीवर हीथ्रोची, दुसरीवर नॉर्थोल्टची. एसटीच्या पाटीसारखी! मला हा उपाय फार आवडतो. पायलटला नावं ठेवत न बसता त्याच्या नजरेच्या वाटेत पाटी ठोकली.

जुहूची चूक झोपेमुळे झाली असं मी म्हणत नाही. ती ताज्यातवान्या माणसाच्या हातूनही होते, म्हणूनच आधी सांगितली. थकवा करतो काय, तर हीच चूक सोपी करतो. दमलेला पायलट मान टाकून घोरायला लागेल याची भीती आपल्याला वाटते; पण घोरण्याच्या कितीतरी आधी त्याचं पडताळून पाहणं सुटतं. दिसलं ते मनातल्या चित्राशी जुळलं की झालं. होकायंत्रावरचे दहा अंश त्याला दिसत असतात, खटकत नाहीत. यंत्रं उत्तर द्यायला बसलेलीच असतात, पण विचारायला कुणीतरी हवं.

नेमकं कुठे आहोत याचा अंदाज चुकला तर काय होतं, ते जुन्नरकरांना ठाऊक आहे. 7 जुलै 1962, मध्यरात्र नुकतीच उलटलेली. सिडनीहून रोमला चाललेलं अलिटालियाचं डीसी-8 बँकॉकहून मुंबईकडे येत होतं. वैमानिकांचा समज झाला की मुंबई जवळ आली. प्रत्यक्षात ती ऐंशीहून अधिक किलोमीटर लांब होती. ते वेळेआधीच खाली येत गेले आणि अंधारात जुन्नरच्या बाजूचा दावंड्याचा डोंगर आडवा आला. 94 जणांपैकी कुणीही वाचलं नाही. चौकशीत कारणं निघाली ती अशी : मार्ग काढण्यातली चूक, त्यामुळे अकाली उतरणं, हाताशी असलेल्या साधनांचा वापर न करणं.

शेजारी दुसरा पायलट असतो, हे खरं. 22 मे 2010 ला मंगळूरला एअर इंडिया एक्स्प्रेसच्या विमानातही होता. दुबईहून रात्री उडून ते सकाळी सहाच्या सुमारास पोचलं. कॅप्टन वाटेत दीड तासाहून जास्त झोपला होता. जागा झाला, पण डोकं पुरतं जागं व्हायला वेळ लागतो. विमान फार उंचावर होतं. सहवैमानिकानं उतरणं सोडून पुन्हा वर जायला सांगितलं, एकदा नाही, पुन्हापुन्हा. कॅप्टन उतरतच राहिला. 158 माणसं गेली, आठ वाचली. इथे तर पाटी बोलत होती.

तेव्हा ट्रॅक्टरवाल्या दादांना उत्तर असं : आज पट्टी डोळ्यांनी दिसत असली तरी त्याच पट्टीचा रेडिओ किरण यंत्रावर लावून ठेवायची शिस्त असते. जुहूकडे निघालात तर काटा सांगतो, वाट सोडलीत, खालीही आलात. पण पहाटे साडेचारला त्या काट्याकडे बघायला डोकं शिल्लक हवं, आणि ते यंत्रातून मिळत नाही, झोपेतूनच मिळतं.

म्हणून नियम. आठवड्याची सलग विश्रांती 36 तासांवरून 48 का केली, रात्रीची उतरणी सहावरून दोनवर का आणली, आणि त्यापायी 2025 च्या डिसेंबरात इंडिगोची एवढी उड्डाणं का रद्द झाली, हे पुढच्या आठवड्यात. मध्येच असा आणखी एखादा प्रश्न आला नाही तर!