बोलणारे मैलाचे दगड

अमेरिकेतील शिकागो शहरात वॅकर ड्राइव्ह नावाचा दुमजली रस्ता आहे. १९२६ साली खुल्या झालेल्या या रस्त्याच्या खालच्या मजल्यावरून आकाश दिसत नाही. त्यामुळे उपग्रहांच्या साहाय्याने मोटारीचे स्थान सांगणारी यंत्रणा तेथे गोंधळते.

हे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. किमान चार उपग्रहांचे संदेश येण्यास किती वेळ लागला, यावरून फोन आपले स्थान ठरवितो. त्या वेळेत सेकंदाच्या दशलक्षांशाची चूक झाली, तरी अंतरात ३०० मीटरांची चूक होते. उंच इमारतींवर आदळून येणारा संदेश उशिरा पोहोचतो, छताखाली तर पोहोचतच नाही. चुकलेले एक वळण रुग्णवाहिकेला फार महाग पडू शकते.

यावर उपाय सापडला तो मैलाच्या दगडासारखा. २०१६ साली ‘वेझ’ या मार्गदर्शक सेवेने बोगद्यांसाठी ब्लूटूथ लहरींची लहान यंत्रे पुढे आणली. नंतर ती शिकागोच्या या रस्त्यावरही बसली. भिंतीवरील यंत्र अखंड आपली खूण सांगत असते आणि मोटारीतील फोन त्यावरून आपली जागा ओळखतो.

एक भेद मात्र ध्यानात घ्यावा. हे यंत्र केवळ बोलते. कोण गेले, हे विचारीत नाही. आपल्या टोलनाक्यावरील फास्टॅगचे यंत्र गाडीची ओळख वाचून घेते. फोनमधील सेवाही प्रवासाची नोंद ठेवू शकते. म्हणून रस्त्यावर नवे यंत्र दिसले, की ते वाट सांगणारे आहे की वाटसरूची नोंद घेणारे, हे नागरिकांनी अवश्य विचारावे.