दहा हजार पौंड आणि दहा पौंड

जेन ऑस्टिनच्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’मधली लिडिया विकमबरोबर पळून जाते, त्या प्रकरणावर आज लिहायचं कबूल केलं होतं. ते पुढच्या रविवारी. मध्येच सांगलीच्या एका वाचकांचं पत्र आलं : डार्सीचे वर्षाला १० हजार पौंड म्हणजे आजचे किती? प्रश्न दिसायला साधा, पण चार दिवस झाले, मी त्यातच अडकलोय.

महागाईचा गुणाकार करून एक आकडा काढता येतो. मला त्यात गोडी नाही. कादंबरी आली त्या १८१३ साली इंग्लंडात नोकरमाणूस स्वस्त होता आणि मेणबत्ती महाग. तिथला पौंड उचलून आजच्या बाजारात ठेवला तर हाती येतो तो नुसता आकडा. खरी मोजपट्टी ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’च्या पोटातच आहे, आणि ती आपल्या हाती देतात ते पाद्री कॉलिन्स. नायिका एलिझाबेथ बेनेटला मागणी घालता घालताच हा गृहस्थ मोठ्या उदारपणे तिला ऐकवतो, की तुझ्या वाट्याला येणार ते चार टक्क्यांच्या सरकारी रोख्यांतले हजार पौंड, तेही आईच्या पश्चात. पण मी त्यावरून कधी टोमणा मारणार नाही! हजाराचं चार टक्क्यांनी व्याज वर्षाला ४० पौंड. डार्सीची मिळकत त्याच्या अडीचशे पट. सांगलीकर, हे तुमचं उत्तर. मेरिटनच्या नाचात ‘ही काही एवढी देखणी नाही’ अशा अर्थाचं डार्सी बोलतो, तेव्हा त्या दोघांमध्ये हे अडीचशे उभे असतात.

आणि हे सगळ्यांना ठाऊक असतं. डार्सी दालनात शिरल्यावर पाच मिनिटांत त्याची मिळकत तोंडोतोंडी झालेली असते. आपल्याकडे सांगून आलेल्या स्थळाची बागायत किती आणि जिरायत किती, हे पोहे बशीत पडायच्या आत माजघरात पोचायचं, तसंच. (खुद्द जेन ऑस्टिनबाईंनी या कादंबरीचे हक्क ११० पौंडांना विकले. त्यांना १५० हवे होते. पैशाबद्दल ही बाई इतकं नेमकं का लिहिते, हा प्रश्न मला हे कळल्यावर पडला नाही.)

आता ऑस्टिनचीच गोष्ट नव्या काळात आणणाऱ्या हेलन फील्डिंगच्या ‘ब्रिजेट जोन्सेस डायरी’तल्या ब्रिजेटकडे या. १९९५मध्ये ‘द इंडिपेंडंट’च्या सदरातून ती आली, १९९६मध्ये पुस्तक झाली. इथेही पानोपानी पौंडच आहेत, फक्त काट्यावरचे! इथला डार्सी, म्हणजे मार्क डार्सी, वर्षाला किती कमावतो, याचा आकडा नाही. बक्कळ पैसा आहे, एवढं ब्रिजेटची आई सांगते आणि पुढे सरकते. आकडा आहे तो ब्रिजेटचा, आणि तो तीच रोज लिहिते. १ जानेवारीला १२९ पौंड, म्हणजे साडेअठ्ठावन्न किलो. ही बाई जाडी नाही हो! सिनेमासाठी रेने झेलवेगरने वजन वाढवलं, त्यामुळे आपला समज तसा झालाय. ब्रिजेटला हवे असतात ११९ पौंड. दहाचा फरक. त्यासाठी अठरा वर्षं खटपट केल्यावर एकदाचा काटा तिथे येतो, ती नटूनथटून पार्टीला जाते, आणि लोक काळजीने विचारतात, बरं नाही का तुला? तिचा मित्र टॉम तर सांगूनच टाकतो, की आधी बरी दिसायचीस.

माझं मत विचाराल, तर फील्डिंगबाईंची खरी करामत इथे आहे. नाव ‘डार्सी’ ठेवणं कुणालाही सुचलं असतं. ऑस्टिनमधले आकडे खोडून पाहा. एलिझाबेथची मैत्रीण शार्लट त्या कॉलिन्सला होकार देणार नाही, विकम डार्सीच्या बहिणीच्या, जॉर्जियानाच्या, ३० हजारांमागे लागणार नाही, कादंबरी जागेवर बसेल. ब्रिजेटच्या डायरीतून सगळे पौंड, सिगारेटी आणि कॅलऱ्या पुसा : ती एक पार्टी सोडली, तर एकही घटना बदलत नाही. मार्कला त्या आकड्याचा पत्ताच नसतो. एलिझाबेथची आई, मिसेस बेनेट, दुसऱ्याची मिळकत मोजत बसायची. ब्रिजेटला आई असूनही स्वतःची मिसेस बेनेट स्वतःच व्हावं लागतं, तेही रोज सकाळी, अनवाणी, काट्यावर.

काट्यावरून आठवलं : दादर स्टेशनावर वजनाची ती लाल दिव्यांची यंत्रं होती, आठवतात? नाणं टाकलं की चाक फिरायचं आणि पुठ्ठ्याचं तिकीट खाली पडायचं. त्यावर वजनही असे आणि भविष्यही. माझी आत्या गाडी चुकली तरी चालेल, पण तिकीट काढायची. मग वजन अंगठ्याखाली दाबून धरायची आणि भविष्य आम्हाला मोठ्याने वाचून दाखवायची.

तर लिडिया पुढच्या रविवारी, नक्की. पत्रं जरूर पाठवा, फक्त विकमच्या कर्जाचा हिशेब एवढ्यात विचारू नका. मी पुन्हा अडकेन.