मौल्यवान ओपलमधील रंगाकृती आणि प्रकाशाची लीला : एक विवेचन

प्रस्तावना :

'ओपल' हा शब्द लॅटिन 'ओपलस' या शब्दावरून आला असून त्याचे मूळ संस्कृतमधील 'उपल' या शब्दात असावे, असे मानले जाते. इ. स. पहिल्या शतकातील रोमन ग्रंथकार प्लिनी याने माणकासारख्या रत्नाचा अग्नी, जमुनियाची जांभळी छटा आणि पाचूची हिरवाई या खड्यात एकत्र नांदतात असे नोंदवून त्याची जन्मभूमी भारत असल्याचे सांगितले. रोमन लोकांकडील ओपल मात्र आजच्या स्लोव्हाकियातील खाणींतून जात असावेत, असा सर्वसाधारण समज आहे. म्हणजे शब्द भारतीय, खडा बहुधा नव्हे. आज महाराष्ट्रात ओपल शुक्राचे उपरत्न म्हणून अंगठीत दिसतो. त्याच्या ज्योतिषविषयक गुणांची चर्चा येथे अभिप्रेत नाही. त्याच्या अंगी दिसणारे रंग येतात कोठून, एवढाच प्रश्न येथे विचारात घेतला आहे.

रंगद्रव्याविना रंग :

ओपल म्हणजे पाणी धारण करणारी अस्फटिकी सिलिका होय. त्यातील पाण्याचे प्रमाण वजनाने साधारणतः ३ ते १० टक्के असते. माणकाचा लाल रंग क्रोमियममुळे येतो. ओपलच्या रंगलीलेस असे कोणतेही रंगद्रव्य कारणीभूत नसते. दुधी ओपलची बारीक पूड केली तर ती पांढरीच दिसते. यावरून रंगाचे कारण पदार्थात नसून पदार्थाच्या रचनेत आहे, हे स्पष्ट होते.

ही रचना कोणती, याचा शोध घेणाऱ्यांत सर चंद्रशेखर वेंकट रामन यांचाही समावेश होतो. रामन आणि ए. जयरामन यांनी १९५३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात ओपलमध्ये सिलिकेच्या भिन्न रूपांचे पातळ थर आलटून पालटून रचलेले असावेत, असे प्रतिपादन केले. थरांच्या नियमित पुनरावृत्तीतून रंग निर्माण होतो हा त्यांचा प्रकाशशास्त्रीय विचार योग्य दिशेचा होता. चुकला तो थरांच्या स्वरूपाविषयीचा अंदाज. साध्या सूक्ष्मदर्शीच्या आवाक्याबाहेरची ही रचना १९६४ मध्ये ऑस्ट्रेलियातील जोन्स, सँडर्स आणि सेग्निट यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शीच्या साहाय्याने उघड केली. मौल्यवान ओपल हा सिलिकेच्या अतिसूक्ष्म, एकसारख्या आकाराच्या गोलकांचा बनलेला असतो. फळविक्रेत्याने संत्री रचावीत तसे हे गोलक एकमेकांच्या खोबणीत बसलेले असतात. गोलक आणि त्यांमधील पोकळ्या यांची ही त्रिमितीय जाळी प्रकाशाचे विवर्तन घडविते. स्फटिकातील अणूंचे थर क्ष-किरणांच्या बाबतीत जे कार्य करतात, तेच येथे गोलकांचे थर दृश्य प्रकाशाच्या बाबतीत करतात.

गोलकांचा व्यास आणि रंग :

गोलकांचा व्यास विचारात घेऊन रंगाचा हिशेब मांडता येतो. दाट रचनेत दोन थरांतील अंतर व्यासाच्या सुमारे ०.८२ पट असते आणि ओपलचा अपवर्तनांक सुमारे १.४५ असतो. यावरून थराला लंब दिशेने पाहिल्यास परावर्तित होणारी तरंगलांबी व्यासाच्या सुमारे २.४ पट येते. २०० नॅनोमीटर व्यासाच्या गोलकांपासून सुमारे ४७५ नॅनोमीटरचा निळा प्रकाश मिळतो, तर ३०० नॅनोमीटरच्या गोलकांपासून सुमारे ७१० नॅनोमीटरचा गडद लाल. १५० नॅनोमीटरच्या गोलकांची तरंगलांबी अतिनील भागात जाते, म्हणून तेथे डोळ्यास रंग दिसत नाही.

खडा कलता केला की परावर्तित तरंगलांबी कमी होते. लाल ठिपका नारिंगी, मग हिरवा होतो. उलट क्रम संभवत नाही. ज्या खड्यातील गोलक लहान आहेत तो कसाही फिरविला तरी निळ्याच्या पलीकडे लालाकडे जात नाही. मोठे गोलक असणारा खडा मात्र लालापासून खाली अनेक रंग दाखवितो. बाजारात लाल रंग दाखविणाऱ्या ओपलला अधिक किंमत मिळते, तिला असा भौतिक आधार आहे. सामान्य ओपलमधील गोलक लहानमोठे व अस्ताव्यस्त असल्याने तेथे केवळ दुधी आभा दिसते. ती विकिरणातून येते आणि रंगलीलेशी तिची गल्लत करू नये.

आकृतिबंध :

संपूर्ण खड्यात गोलकांची रचना एकाच दिशेने मांडलेली असती, तर एका वेळी एकच रंग दिसला असता. प्रत्यक्षात खडा अनेक क्षेत्रांत विभागलेला असतो. प्रत्येक क्षेत्रातील थर वेगळ्या कोनात वळलेले असल्याने एक क्षेत्र हिरवे दिसत असता शेजारचे नारिंगी दिसते. क्षेत्रे टाचणीच्या टोकाएवढी असल्यास त्या आकृतिबंधास 'पिनफायर' म्हणतात. मोठी, कोनयुक्त आणि फरशीसारखी जुळलेली असल्यास 'हार्लेक्विन'. शेवटचा प्रकार दुर्मिळ असून या नावाचा वापर व्यापारात गरजेपेक्षा अधिक सैलपणे होतो. क्षेत्राच्या आत थर रचण्याच्या क्रमात दोष असल्यास त्यावर समांतर रेघा उमटतात.

पार्श्वभूमीचा रंगही महत्त्वाचा ठरतो. ऑस्ट्रेलियातील लाइटनिंग रिज येथील काळ्या ओपलमध्ये गडद पार्श्वभूमी विखुरलेला पांढरा प्रकाश शोषून घेते, त्यामुळे विवर्तित रंग ठळक दिसतात. कूबर पेडी येथील फिकट ओपलमध्ये तेच रंग सौम्य भासतात.

पाणी, दूध आणि अस्सलपणा :

इथिओपियातील वेलो प्रांतात २००८ मध्ये मिळालेल्या साठ्यांमुळे स्वस्त व रंगीत ओपल बाजारात मोठ्या प्रमाणावर आले. त्यांपैकी बरेच सच्छिद्र असतात. पाण्यात ठेवल्यास छिद्रे भरतात, खडा पारदर्शक होतो आणि रंगलीला मंदावते. वाळल्यावर ती बहुधा परत येते. हीच छिद्रे रंग आणि तेलही शोषतात. अंगठी धारण करण्यापूर्वी खडा कच्च्या दुधात ठेवण्याची आपल्याकडील रीत अशा खड्यास अपायकारक ठरू शकते. दुधातील पाणी उडून जाते, स्निग्धांश मात्र आत राहू शकतो. दोन-तीन थर चिकटवून केलेल्या जोडखड्यांत भिजविल्याने सांधा सुटण्याचा धोका असतो.

पिएर गिल्सन यांनी १९७४ च्या सुमारास बाजारात आणलेल्या कृत्रिम ओपलमध्येही सिलिकेचे गोलकच असतात. त्यामुळे केवळ रंगांवरून तो ओळखता येत नाही. भिंगाखाली त्याच्या रंगक्षेत्रांत सरड्याच्या कातडीसारखी जाळी आणि कडेने पाहिल्यास रंगांचे उभे स्तंभ दिसतात. परंतु इथिओपियाच्या काही नैसर्गिक ओपलमध्येही स्तंभाकार आकृती आढळतात. म्हणून स्तंभ दिसला की खडा कृत्रिम, असा निर्णय देणे घाईचे ठरेल. मूल्यवान खड्याच्या बाबतीत रत्नपरीक्षण प्रयोगशाळेचा अहवाल घेणे इष्ट.