प्रचालक, लाकडी

प्रचालक, लाकडी : एंजिनाच्या शक्तीने फिरून विमानास पुढे नेणारा लाकडी पंखा. राइट बंधूंच्या १९०३ मधील विमानाचे दोन्ही प्रचालक स्प्रूस लाकडाचे व सु. २.६ मी. व्यासाचे होते. पुढे अक्रोड, महोगनी इ. लाकडांच्या फळ्या सरसाने एकमेकींवर चिकटवून त्या ठोकळ्यातून पाती कोरण्यात येऊ लागली. पहिल्या महायुद्धातील (१९१४–१८) असे अनेक प्रचालक आज संग्रहालयांत व खाजगी संग्रहांत आढळतात.

प्रचालकाचे मूळ ठरविण्याचा मुख्य पुरावा म्हणजे त्याच्या तुंब्यावर (मध्यभागावर) ठोकलेले शिक्के. त्यांत सामान्यतः एंजिनाचे नाव, अश्वशक्ती, आरेखन क्रमांक, व्यास व अंतराल (एका फेऱ्यात पुढे सरकण्याचे सैद्धांतिक अंतर) यांचा निर्देश असतो. ‘गरुडा’ हे नाव बर्लिन येथील कारखान्याचे असून ते भारतीय उत्पत्तीचे गमक नव्हे. केवळ एंजिनाच्या नावावरून विमान निश्चित होत नाही, उदा., मर्सिडीजचे १६० अश्वशक्तीचे एंजिन ॲल्बट्रॉस व फाल्ट्स या दोन्ही लढाऊ विमानांत वापरीत. अशा वेळी आरेखन क्रमांक निर्णायक ठरतो.

तुंब्यावर धातूच्या तबकडीच्या दाबाचा ठसा असल्यास प्रचालक एंजिनावर बसविलेला होता, असे अनुमान करता येते. बोल्टांसाठी भोकेच नसल्यास तो बहुधा न वापरलेला असतो. एक मीटरहून लहान पंखे पुष्कळदा विमानावरील विद्युत् जनित्र वा इंधनपंप वाऱ्याने चालविण्यासाठी असत.

जुना लेप खरवडून नवे रोगण दिल्यास शिक्के व खुणा नष्ट होतात. म्हणून अभिज्ञानापूर्वी पृष्ठभागास हात लावू नये.