तिगावच्या फलाटावर तांबडा दिवा

अमेरिकेत जुन्या रेल्वे स्टेशनाचं संग्रहालय झालं की तिथं ‘रात्रभर भूतशोध’ सुरू व्हायला फार वेळ लागत नाही. तिकीट काढायचं, अंधारात बसायचं आणि हातात एक चपटा डबा धरायचा. त्यावर हिरव्यापासून तांबड्यापर्यंत पाच दिवे. दिवे चढत गेले की जवळ कोणीतरी आहे असं समजायचं. ‘के-टू’ नावाचं हे मीटर आता आपल्याकडेही घरपोच मिळतं आणि यूट्यूबवरचे देशी भूतशोधक तेच मिरवतात.

समजा, हा डबा घेऊन कोणी तिगावला गेला. नागपूर–इटारसी मार्गावरचं, पांढुर्ण्याच्या पुढचं हे स्टेशन. इथून गाड्या चिचोंड्याकडे सातपुड्याचा घाट चढू लागतात; जड मालगाडीला मागून ढकलायला बँकर इंजिन लावतात. रात्रीचे दोन. फलाटावर चिटपाखरू नाही, गाडीचा मागमूस नाही, आणि अचानक पाचही दिवे लागतात. असं होईल, यावर मी पैज लावायला तयार आहे.

फलाटाच्या डोक्यावरून 25,000 व्होल्टची तार जाते. घाट चढणारं 6,000 अश्वशक्तीचं मालगाडीचं इंजिन पूर्ण जोर लावतं तेव्हा तारेतून ढोबळमानाने 200 अँपिअर ओढतं. सबस्टेशन एका बाजूला आणि इंजिन दुसऱ्या बाजूला असेल, तर तो सगळा प्रवाह मधल्या फलाटावरूनच जाणार, मग इंजिन चार किलोमीटर पुढे डोंगराआड का असेना. गल्लीच्या टोकाला कोणी पंप लावला की आपल्या दारातला पाइप थरथरतो, तसंच हे. फलाटावर उभ्या माणसापाशी त्या प्रवाहाचं चुंबकीय क्षेत्र मिलिगॉस या मापात दहांच्या पटीत भरतं. मीटरचा शेवटचा तांबडा दिवा लागायला 20 मिलिगॉस पुरतात. चालकाने जोर कमी केला की दिवे विझतात. भूत ‘आलं आणि गेलं’!

खरी गंमत संग्रहालयात आहे. सौंसरवरून नागपूर–छिंदवाडा धावणारी नॅरोगेजची छोटी गाडी 2015 मध्ये बंद झाली. त्या घराण्यातली इंजिनं पाहायची तर नागपूरला मोतीबागेच्या नॅरोगेज संग्रहालयात जावं. वाफेवर आणि डिझेलवर चाललेल्या त्या मार्गावर वरची तारच नव्हती. म्हणजे जिथं जुने आत्मे सापडावेत असं आपल्याला वाटतं, त्या गंजलेल्या डब्यांपाशी वीज बंद केली तर मीटर मुकाट बसेल. आणि ब्रॉडगेज होऊन विजेची तार आलेल्या नव्या सौंसर मार्गावर ते नाचेल. भुतांनाही गेज रूपांतर मानवलेलं दिसतं.

या मीटरच्या पोटात तारेचं वेटोळं असतं. बदलतं चुंबकीय क्षेत्र त्यातून गेलं की वीज निर्माण होते, हा मायकेल फॅरडेचा 1831 चा शोध. शाळेत तो सगळ्यांनी घोकला आहे. पण याच फॅरडेने पुढे भुतांचाही छडा लावला होता, हे पाठ्यपुस्तकं सांगत नाहीत. 1853 मध्ये लंडनात टेबल फिरवण्याचं वेड पसरलं होतं. चार माणसांनी टेबलावर हात ठेवायचे आणि टेबल आपोआप सरकायचं. कोणी म्हणे आत्मे, कोणी म्हणे वीज. फॅरडेने पुठ्ठ्याचे तुकडे एकावर एक ठेवले, मध्ये मऊ चिकट गोळ्या लावल्या आणि वर लोकांचे हात. टेबल हातांना ओढत असेल तर खालचा पुठ्ठा आधी सरकायला हवा होता. सरकला वरचा. म्हणजे हातच टेबलाला ढकलत होते, आणि ही प्रामाणिक माणसं शपथेवर सांगत होती की आम्ही काही केलं नाही. मग त्याने हात किंचित जरी सरकला तरी हलणारी काडी जोडली आणि ती सगळ्यांना दिसेल अशी ठेवली. काडीकडे नजर लागताच टेबल फिरायचं थांबलं! मला हा प्रयोग फॅरडेच्या डायनामोइतकाच मोठा वाटतो. त्याने भूत मोजलं नाही, भूत शोधणाऱ्याचे हात मोजले.

हल्ली भुताचं ‘वैज्ञानिक’ उत्तर म्हणून 19 हर्ट्झचं नाव घेतलं जातं. कानाला न ऐकू येणारा हा आवाज. व्हिक टँडी या ब्रिटिश अभियंत्याला प्रयोगशाळेत करडी आकृती दिसली आणि दोष निघाला पंख्याच्या कंपनांचा, असं त्याने 1998 मध्ये लिहिलं. गोष्ट झकास आहे, पण तिच्यावर फार भार टाकू नये. लंडनमध्ये क्रिस फ्रेंच आणि सहकाऱ्यांनी एका खोलीत असा आवाज आणि चुंबकीय क्षेत्रं सोडून पाहिली. निष्कर्ष 2009 मध्ये छापले. बऱ्याच जणांना विचित्र अनुभव आले, पण त्यांचा आवाजाशी किंवा क्षेत्राशी संबंध लागला नाही. ‘इथं काहीतरी जाणवू शकतं’ हे आधी सांगणंच पुरेसं ठरलं असावं.

आपल्या देशातलं गाजलेलं भुताचं स्टेशन पुरुलियातलं बेगुनकोदर. पांढऱ्या साडीतल्या बाईच्या अफवेनंतर 1967 मध्ये बंद पडलं, 2009 मध्ये पुन्हा उघडलं. 2017 च्या डिसेंबरात पश्चिम बंग विज्ञान मंचाची मंडळी तिथं रात्री मुक्कामाला गेली. स्टेशनामागून चमत्कारिक आवाज आले तेव्हा त्यांनी टॉर्च मारला. झुडपात लपलेली माणसं पळाली. कुठल्याही मीटरपेक्षा तो टॉर्च उपयोगी ठरला.

तेव्हा तिगावला मीटर न्यायचंच असेल तर सोबत वहीही न्या. दिवे कधी लागले ते एका रकान्यात लिहा आणि घाटातून कोणती गाडी कधी गेली ते शेजारच्या रकान्यात. वेळा स्टेशनावरच्या लोकांकडून सकाळी घ्या, रात्री त्यांना कामात छळू नका. आणि फलाट सोडून रुळांवर उतरू नका. रेल्वे कायद्याच्या कलम 147 खाली त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 1,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, होऊ शकतात.