कोण नाही, हे ओळखणारी नजर

आकाशात उडणे किंवा अदृश्य होणे अशा अचाट शक्ती कथाकादंबऱ्यांत शोभतात. रोजच्या जगण्यात माणसाला हव्याशा वाटणाऱ्या शक्ती मात्र बहुधा फार साध्या असतात. कलिंगड न कापता ते आतून लाल आहे की नाही हे कळावे, वाळवण भिजण्याआधी पावसाची चाहूल लागावी, एकदा पाहिलेला चेहरा कधी विसरू नये, गर्दीत आपल्यातले कोण मागे राहिले हे न मोजता ध्यानात यावे, आणि दुष्काळी मुलखात राहणाऱ्याला तर पायाखाली पाणी कुठे आहे तेवढे दिसावे, एवढीच ही मागणी असते. सांगली जिल्ह्यातल्या आटपाडी तालुक्यात यांतल्या काही शक्ती माणसांच्या अंगी खरोखरच आढळतात. एक मात्र अशी आहे की तिच्यावर लोकांचा विश्वास मोठा असूनही ती कसोटीला उतरत नाही. हा फरक कशामुळे पडतो, या प्रश्नाचे विज्ञानाने दिलेले उत्तर माणदेशाच्या संदर्भात विशेष उपयोगाचे आहे.

आटपाडी हा माणदेशाचा भाग आहे. महाबळेश्वरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो आणि तेथून दीडशे किलोमीटरांच्या आत असलेला हा तालुका सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत, म्हणजे डोंगराने ढगांचे पाणी आधीच काढून घेतल्यावर उरणाऱ्या कोरड्या पट्ट्यात, पडतो. अशा जमिनीवर शेतीपेक्षा मेंढी अधिक भरवशाची ठरली, म्हणून येथे धनगरांचे वाडे, त्यांच्या वाघरी (मेंढरे कोंडण्याची जाळी) आणि खताला शेतात बसवलेली मेंढरे हे पिढ्यान्‌पिढ्यांचे दृश्य आहे. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’ने (१९५५) हा मुलूख मराठी वाचकाच्या ओळखीचा केला. आटपाडीच्या उत्तरेश्वराच्या कार्तिक यात्रेत आजही शेळ्यामेंढ्यांचा मोठा बाजार भरतो.

संध्याकाळी कळप परतला की अनुभवी मेंढक्याला त्यात एक मेंढी कमी असल्याचे पाहताक्षणी जाणवते. ही मोजण्याची शक्ती नव्हे, कारण मोजण्याच्या बाबतीत माणसाची नजर फारच तोकडी आहे. विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १८७१ मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात स्वतःवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध केला. पेटीत घेवड्याच्या बिया टाकायच्या आणि एका दृष्टिक्षेपात त्या किती आहेत हे सांगायचे, असा प्रयोग हजाराहून अधिक वेळा केल्यावर त्याला असे आढळले की तीन किंवा चार बियांपर्यंत आपली चूक मुळीच होत नाही, पाचापासून मात्र चुका सुरू होतात आणि पुढे त्या वाढत जातात. दीडशे मेंढरांच्या खांडापुढे ही मर्यादा ओलांडणे कोणालाही शक्य नाही. मेंढका ‘किती’ हा प्रश्न विचारतच नाही; त्याच्या दृष्टीने कळप ही संख्या नसून दीडशे ओळखीच्या व्यक्ती असतात, आणि जेवणाच्या पंगतीत घरातले एक माणूस नसेल तर ते ज्या रीतीने खटकते त्याच रीतीने त्याला ‘कोण नाही’ हे खटकते.

शहरातल्या माणसाला सगळ्या मेंढ्या सारख्याच दिसतात, मग मेंढक्याला त्या वेगळ्या कशा दिसतात? मेंदूच्या तळाशी, फ्युसिफॉर्म नावाच्या वळीत, चेहरे पाहताना विशेष सक्रिय होणारा एक भाग असतो, हे नॅन्सी कॅनविशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये दाखवून दिले. मेंदूला इजा झाल्यामुळे माणसांचे चेहरे ओळखता न येणे या विकाराला प्रोसोपॅग्नोसिया म्हणतात. या विकाराच्या एका ब्रिटिश रुग्णाची नोंद १९९३ मध्ये प्रसिद्ध झाली असून ती मेंढपाळांच्या संदर्भात फार बोलकी आहे: पक्षाघातानंतर त्याला माणसांचे चेहरे ओळखता येईनात, परंतु पुढे त्याने मेंढ्या पाळल्या आणि त्यांचे चेहरे तो शिकून ओळखू लागला. याच्या अगदी उलट, माणसांचे चेहरे पुन्हा ओळखू लागला तरी स्वतःच्या गायी मात्र ओळखू न शकणारा एक शेतकरी १९८४ मध्ये वैद्यकीय वाङ्मयात नोंदवला गेला. माणसांचे आणि जनावरांचे चेहरे ओळखण्याच्या वाटा काही प्रमाणात वेगळ्या असून जनावरांची वाट सरावाने घडवता येते, असे या दोन प्रकरणांवरून दिसते.

या शक्तीचे बीज तर प्रत्येकाजवळ जन्मतःच असते. सहा महिन्यांच्या बाळाला दोन माकडांच्या चेहऱ्यांतला फरक कळतो आणि नऊ महिन्यांच्या बाळाला तो कळेनासा होतो, असे २००२ मध्ये आढळले. ज्या बाळांना मधल्या काळात माकडांची चित्रे नियमित दाखवली गेली त्यांची ही क्षमता मात्र टिकून राहिली. पुढे २०११ मध्ये मेंढ्यांचे चेहरे वापरून केलेल्या प्रयोगातही लहान बाळे फरक ओळखतात आणि वयाच्या नवव्या महिन्यानंतरची बाळे चुकतात, असेच दिसले. सभोवती जे चेहरे रोज दिसतात त्यांच्यापुरती नजर धारदार ठेवायची आणि बाकीच्यांचा फरक सोडून द्यायचा, ही मेंदूची काटकसर आहे. वाघरीजवळच्या झोळीत वाढणाऱ्या लेकरावर कोणी असा प्रयोग केल्याचे ऐकिवात नसले, तरी त्याच्या बाबतीत ही काटकसर कमी होत असेल, असा अंदाज बांधण्यास जागा आहे. सगळेच सरावाने येते असेही नाही, कारण चेहरे ओळखण्याच्या क्षमतेत आनुवंशिकतेचा वाटा मोठा असल्याचे जुळ्यांच्या अभ्यासांतून दिसून आले आहे.

ही ओळख एकतर्फीही नाही. कीथ केंड्रिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये दाखवून दिले की मेंढ्या इतर पन्नास मेंढ्यांचे चेहरे दोन वर्षांहून अधिक काळ लक्षात ठेवतात, आणि २०१७ मध्ये केंब्रिजच्या प्रयोगात मेंढ्यांनी आपली देखभाल करणाऱ्या माणसाचे छायाचित्रही ओळखले. मेंढीला बुद्धी नसते ही समजूत तिच्यावर अन्याय करणारी आहे.

पावसाचा वास येणे ही दुसरी शक्ती. वळवाचा पहिला थेंब अंगावर पडण्याआधी ओल्या मातीचा वास येतो, यात गूढ काही नाही: लांबवर कोसळणाऱ्या सरीबरोबर थंड हवा खाली येते, जमिनीवर आपटून चहूकडे पसरते आणि भिजलेल्या मातीचा वास पुढे घेऊन येते. या वासाला १९६४ मध्ये ऑस्ट्रेलियातील बेअर आणि थॉमस या शास्त्रज्ञांनी पेट्रिकॉर असे नाव दिले. त्यातला एक मुख्य घटक जिओस्मिन होय. मातीत राहणारे स्ट्रेप्टोमायसिस जातीचे जीवाणू तो तयार करतात, आणि लिटरभर पाण्यात तो अवघा पाच ते दहा नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमच्या अब्जाव्या भागाच्या पाच-दहा पट इतका, असला तरी माणसाच्या नाकाला कळतो. मानवी नाक मठ्ठ असते ही समजूत एकोणिसाव्या शतकातली असून तिला फारसा आधार नाही, असे २०१७ मध्ये जॉन मॅकगन यांनी ‘सायन्स’मध्ये सविस्तर मांडले आहे. तेव्हा ज्या मुलखात एका सरीवर पीक आणि चारा दोन्ही अवलंबून असतात, तेथे ही चाहूल आधी लागावी यात नवल नाही.

बाजारात मेंढराच्या पाठीवर हात फिरवून त्याच्या अंगातले मांस आणि चरबी जोखणारा व्यापारी, किंवा याच आटपाडी-खानापूर परिसरातून देशभरच्या सराफ पेठांत पसरलेला, कसोटीच्या काळ्या दगडावरची रेघ पाहून सोन्याचा कस सांगणारा गलाई (सोने-चांदी गाळणारा) कारागीर, यांची शक्तीही याच जातीची आहे. कमरेचे मणके चाचपून मेंढीला एक ते पाच गुण देण्याची रीत तर पशुविज्ञानाने अधिकृतपणे स्वीकारलेली आहे.

आता पाण्याकडे वळले पाहिजे, कारण माणदेशाची खरी तहान तेथे आहे. बोअर घेण्यापूर्वी पाणाड्याला बोलावण्याची प्रथा महाराष्ट्रभर आहे. दुबेळक्याची फांदी हातात धरून किंवा तळहातावर नारळ ठेवून तो रानात फिरतो, आणि फांदी वळली किंवा नारळ उभा राहिला की तेथे खूण केली जाते. फांदी वळते ती पाणाड्याच्याच स्नायूंच्या, त्याच्याही नकळत होणाऱ्या हालचालीने. मनातल्या अपेक्षेने स्नायू आपोआप हलतात या घटनेचे वर्णन विल्यम कार्पेंटर यांनी १८५२ मध्येच करून ठेवले आहे. त्यामुळे पाणाड्या लबाड असतो असे म्हणता येत नाही. अनेकदा तो पूर्ण प्रामाणिक असतो. जर्मनीत म्युनिकजवळ १९८७-८८ मध्ये सुमारे पाचशे इच्छुकांतून निवडलेल्या ४३ जणांची कसोटी घेण्यात आली: खालच्या मजल्यावर पाण्याचा नळ दर वेळी नव्या जागी सरकवायचा आणि वरच्या मजल्यावरून त्याची जागा ओळखायची, अशा ८४३ चाचण्या झाल्या. प्रयोगकर्त्यांनी काही जणांत शक्ती असल्याचा निष्कर्ष काढला, परंतु जिम एनराइट या शास्त्रज्ञाने तीच आकडेवारी तपासून ती निव्वळ योगायोगाने येईल तशीच असल्याचे दाखवून दिले.

मेंढका चुकत नाही आणि पाणाड्या चुकतो, असे का व्हावे? डॅनियल कानमन आणि गॅरी क्लाइन या दोन मानसशास्त्रज्ञांची मते अंतःप्रेरणेविषयी परस्परविरोधी होती, तरी २००९ मध्ये त्यांनी एकत्र लिहिलेल्या निबंधात दोन अटींवर एकमत नोंदवले: परिस्थितीत भरवशाच्या खुणा असल्या पाहिजेत, आणि चूक झाली तर ती लवकर आणि स्पष्टपणे कळली पाहिजे. मेंढक्याची चूक त्याच रात्री लांडगा दाखवून देतो, गलाईची चूक सोने वितळवल्यावर उघड होते. पाणाड्याला मात्र चूक कळण्याची सोयच नसते, कारण दख्खनच्या काळ्या पाषाणाखाली थोडेफार पाणी पुष्कळ ठिकाणी लागते आणि शेजारच्या न खोदलेल्या जागेत काय होते हे कधीच समजत नाही. लागले तर श्रेय त्याचे, नाही लागले तर नशीब शेतकऱ्याचे.

पाण्याची खरी जाण असलेली माणसेही याच मुलखात आहेत आणि त्यांची दखल फार कमी घेतली गेली आहे. विहीर खोदणाऱ्या वडाराला माती, मुरूम, मांजऱ्या आणि काळा पाषाण हे थर हाताखाली ओळखू येतात. मांजऱ्या म्हणजे लाव्हा थंड होताना राहिलेल्या बुडबुड्यांची भोके खनिजांनी भरलेला मऊ खडक, जो झिजला व भेगाळला की पाणी धरतो. कुदळीखाली त्याला लगेच उत्तर मिळत असते, म्हणून त्याची नजर तयार होते. बोअरच्या यंत्राने हे उत्तर आणखी खोलवरून वर येते, कारण किती फुटांवर तांबडी माती आली, कुठे भुकटी ओली झाली, कुठे नुसता कोरडा काळा धुरळा उडाला हे सारे भोकाच्या तोंडाशी दिसते. आणि तासाभरात वारा ते उडवून नेतो. कोरड्या गेलेल्या प्रत्येक बोअरचा हा हिशेब ग्रामपंचायतीच्या वहीत जागा, खोली आणि थरांसह उतरवून घेणे भूजल सर्वेक्षणाच्या निरीक्षण विहिरींच्या नोंदींइतकेच मोलाचे आहे, आणि त्यासाठी लागणारी माणसे, म्हणजे यंत्रावरचे कामगार, जुने वडार आणि बांधावर उभा असलेला शेतकरी, त्या वेळी तेथे हजरच असतात.